काठीचा दोष किती?

आपल्या वाडीतील किंवा सोसायटीतील साठीपुढच्या सर्व मंडळींची एक यादी करावी. गेल्या वर्षभरात त्यांपैकी कोण कोण पडले, याची नोंद घ्यावी. मग काठी घेऊन चालणारे किती पडले आणि बिनकाठीचे किती, हे मोजावे. काठी वापरणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण बहुधा अधिक आढळेल. नोंदी खऱ्या असतील, मोजणीही अचूक असेल. तरीही तेवढ्यावरून कोणी सर्वांच्या काठ्या काढून घेण्याचा सल्ला दिला, तर आपण त्याला हसू. ज्याचा तोल जाऊ लागतो तोच काठी हाती घेतो, हे समजायला आपल्याला संशोधकाची गरज पडत नाही.

रुग्णालयातील उपचारांविषयीच्या बातम्या वाचताना मात्र हे साधे शहाणपण अनेकदा आपली साथ सोडते. 'अमुक प्रकारच्या भुलीने वृद्धांत मृत्यू अधिक', 'तमुक औषधाने अतिदक्षता विभागातील मृत्यू घटले' अशी वाक्ये वृत्तपत्रांतून आणि व्हॉट्सॲपवरून आपल्यापर्यंत येतात. नेमकी घरातील आजींची शस्त्रक्रिया ठरलेली असते. मुलगा, सून, नात सारेच चिंतेत असतात. बातमी वाचून भूलतज्ज्ञांकडे हट्ट धरला जातो, किंवा उपचार आधीच होऊन गेला असेल तर 'आपण चुकलो का?' हा सल मनात घर करून बसतो. अशा बातम्यांच्या मुळाशी पुष्कळदा पूर्वलक्षी अभ्यास असतो. तो कसा वाचावा, हे आज पाहू.

मागे वळून पाहणारा अभ्यास

पूर्वलक्षी अभ्यासात उपचार होऊन गेलेले असतात. रुग्ण बरे होऊन घरी गेलेले असतात किंवा निवर्तलेले असतात. संशोधक त्यानंतर जुने केसपेपर, भूलतज्ज्ञांचे तक्ते, संगणकातील नोंदी उघडतात आणि कोणाला काय दिले व पुढे काय झाले, याचा ताळा मांडतात. याउलट यादृच्छिक चाचणीत अभ्यासाची आखणी आधी होते आणि संमती घेऊन, कोणाला कोणता उपचार द्यायचा हे जणू चिठ्ठी टाकून ठरवले जाते. चिठ्ठीला रुग्णाचे वय कळत नाही, हृदयाची ताकद कळत नाही, चेहऱ्यावरचा थकवा दिसत नाही. म्हणूनच रुग्णांची संख्या पुरेशी असली, की दोन्ही गट बहुतांशी सारखे उतरतात.

पूर्वलक्षी अभ्यासात चिठ्ठीच्या जागी डॉक्टरांचा विवेक असतो आणि विवेक माणूस पाहून निर्णय घेतो. 'कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ' असे आपण म्हणतो. येथला गुंता त्याहून थोडा अधिक आहे. कावळा फांदी पारखून बसत नाही. डॉक्टर मात्र रुग्ण पारखूनच उपचार निवडतात. त्यामुळे अशी प्रत्येक बातमी वाचताना एक प्रश्न हाती धरावा : तो उपचार ज्यांना मिळाला, त्यांना तो का मिळाला?

खुबा, भूल आणि न्यूयॉर्कच्या नोंदी

वृद्धांच्या घरी वारंवार येणारा प्रसंग घेऊ. न्हाणीघरात पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते, शस्त्रक्रिया करावी लागते. भूल दोन प्रकारे देता येते. एक पूर्ण भूल, जिच्यात रुग्ण संपूर्ण बेशुद्ध असतो. दुसरी पाठीतून दिली जाणारी, जिच्यात पाठीच्या कण्यात सुईने औषध सोडून कमरेखालचा भाग बधिर करतात. 'म्हातारपणी पूर्ण भूल नको, पाठीतलीच द्या' हा आग्रह अनेक कुटुंबे धरतात.

या आग्रहाला बळ देणारा एक अभ्यास २०१२ साली प्रसिद्ध झाला. अमेरिकेतील भूलतज्ज्ञ मार्क न्यूमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी न्यूयॉर्क राज्यातील १२६ रुग्णालयांतील, खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या १८,१५८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. केवळ आकडे मोजले तेव्हा मृत्यूचे प्रमाण दोन्ही गटांत वेगळे नव्हते. वय, जुने आजार इत्यादींचा हिशेब जमेस धरल्यावर मात्र, पूर्ण भुलीच्या तुलनेत शरीराचा भागच बधिर करणाऱ्या भुलीच्या गटात रुग्णालयातील मृत्यूची शक्यता सुमारे २९ टक्क्यांनी कमी दिसली. फुप्फुसांच्या तक्रारीही कमी आढळल्या.

आता आपला प्रश्न लावून पाहू. पाठीतून भूल कोणाला मिळाली आणि का? जो रुग्ण रक्त पातळ करणारी तीव्र औषधे घेतो, त्याच्या पाठीत सुई घालणे धोक्याचे ठरू शकते. मज्जारज्जूजवळ रक्तस्राव होण्याची भीती असते. अशा रुग्णाला बहुधा पूर्ण भूल दिली जाते. ही औषधे चालू असतात ती प्रामुख्याने हृदयविकार, अनियमित ठोके किंवा पूर्वी झालेला पक्षाघात यांमुळेच. म्हणजे पूर्ण भुलीच्या गटात मुळातच अधिक दुबळे रुग्ण गोळा होण्याचा संभव असतो. उलट, फुप्फुसे फारच कमजोर आहेत म्हणून एखाद्याला मुद्दाम पाठीतून भूल दिली जाते, तेव्हा ओझे दुसऱ्या गटावर पडते. संशोधक संख्याशास्त्राच्या साहाय्याने हे ओझे समतोल करू पाहतात. परंतु नोंदीत जे लिहिलेले आहे तेवढ्याचाच हिशेब त्यांना करता येतो. आजींना जिना चढताना धाप लागत होती का, पडण्याआधीचे महिनाभर त्या नीट जेवत होत्या का, हे अशा नोंदींत क्वचितच उतरते.

न्यूमन आपल्या पहिल्या निष्कर्षावर विसंबून राहिले नाहीत. २०१४ साली त्यांनी न्यूयॉर्कमधीलच ५६,७२९ रुग्णांच्या नोंदी वेगळ्या युक्तीने अभ्यासल्या. काही रुग्णालयांत पाठीतून भूल देण्याकडे कल अधिक असतो, काहींत पूर्ण भुलीकडे. रुग्ण कोणत्या रुग्णालयाजवळ राहतो, हे त्याच्या हृदयाच्या ताकदीवरून ठरत नाही. तेव्हा घराच्या अंतरालाच जवळजवळ चिठ्ठीचे काम करू द्यावे, अशी ही कल्पना होती. या हिशेबात तीस दिवसांतील मृत्यूंमध्ये फरक दिसला नाही. रुग्णालयातील मुक्काम तेवढा अर्ध्या दिवसाहून किंचित अधिक कमी झाला.

त्यानंतर त्यांच्याच नेतृत्वाखाली अमेरिका व कॅनडातील ४६ रुग्णालयांत खरोखरची यादृच्छिक चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढचे, खुबा मोडण्यापूर्वी चालू शकणारे १,६०० रुग्ण तिच्यात होते. साठ दिवसांनी मृत्यू झालेले किंवा आधाराविना वा वॉकर घेऊनही दहा फूट चालू न शकणारे रुग्ण पाठीतल्या भुलीच्या गटात १८.५ टक्के होते, तर पूर्ण भुलीच्या गटात १८ टक्के. शस्त्रक्रियेनंतर वृद्ध बरळू लागतात, वेळ-काळाचे भान हरपते, त्या अवस्थेला डिलिरियम म्हणतात. तिचेही प्रमाण दोन्हीकडे विसाच्या आसपासच होते. चीनमध्ये पासष्टीपुढच्या ९५० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही भुलीच्या प्रकारामुळे डिलिरियममध्ये लक्षणीय फरक पडला नाही.

याचा अर्थ भूल कोणतीही दिली तरी सारखेच, असा मात्र घेऊ नये. ज्यांना दोन्ही प्रकारची भूल देणे शक्य होते, असेच रुग्ण या चाचण्यांत होते. आपल्या आजींच्या बाबतीत भूलतज्ज्ञ एकच प्रकार सुचवीत असतील, तर त्यामागे त्यांच्या प्रकृतीचे विशिष्ट कारण असू शकते. ते कारण विचारावे. मात्र 'पूर्ण भूल दिली म्हणून आई गेली' असा सल जर कोणी उरी बाळगून असेल, तर त्याने तो उतरवून ठेवावा. आज उपलब्ध असलेला उत्तम पुरावा त्याला आधार देत नाही.

काळ बदलला की गटही बदलतात

अतिदक्षता विभागातील एक उदाहरण अधिक बोलके आहे. जंतुसंसर्गाने सारे शरीर होरपळते, रक्तदाब कोसळतो, अवयव एकेक करून थकतात, त्या अवस्थेस सेप्सिस म्हणतात. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील एका रुग्णालयात डॉ. पॉल मारिक आणि सहकाऱ्यांनी अशा रुग्णांना शिरेतून क जीवनसत्त्व, थायामिन आणि स्टिरॉइड एकत्र देण्यास प्रारंभ केला. ४७ रुग्णांची तुलना त्यांनी त्याआधीच्या महिन्यांतील ४७ रुग्णांशी केली. आधीच्या गटात ४० टक्क्यांहून अधिक मृत्यू झाले होते. नव्या गटात ८.५ टक्के. २०१७ साली हे प्रसिद्ध होताच जगभर खळबळ उडाली. स्वस्त, सहज मिळणारे जीवनसत्त्व आणि एवढा प्रचंड लाभ!

आपला प्रश्न येथे असा विचारावा : या ४७ जणांना हा उपचार का मिळाला? कारण ते त्या तारखेनंतर दाखल झाले. म्हणजे दोन्ही गट वेगवेगळ्या काळातले होते. ऋतू बदलला की आजारांची जात बदलते. नव्या उपचाराच्या उत्साहात रुग्णांकडे अधिक बारकाईने लक्ष दिले जाते. रुग्णसंख्या थोडी असली, तर चार-दोन माणसांच्या फरकानेही टक्केवारी हेलकावे खाते. पुढे ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड व ब्राझील येथे हेच मिश्रण देऊन यादृच्छिक चाचणी झाली. २०२० सालच्या तिच्या निष्कर्षांत, केवळ स्टिरॉइड दिलेल्या रुग्णांच्या तुलनेत अधिक लाभ आढळला नाही. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या ८७२ रुग्णांच्या आणखी एका चाचणीत फक्त क जीवनसत्त्व मोठ्या मात्रेत दिले होते. तेथे मृत्यू किंवा अवयवांची न सुधारणारी दुर्बलता यांचे एकत्रित प्रमाण ते घेतलेल्यांत ४४.५ टक्के, तर न घेतलेल्यांत ३८.५ टक्के निघाले. 'करून पाहायला काय हरकत आहे?' या आपल्या नेहमीच्या युक्तिवादाचे हे उत्तर होय. हरकत असू शकते.

जो जगला त्यालाच मिळाला

तिसरा सापळा काळाचाच, पण अधिक सूक्ष्म आहे. व्हेंटिलेटरवरील रुग्णास काही दिवस उलटले की डॉक्टर गळ्यापाशी श्वासनळीला छिद्र करून नळी बसवण्याविषयी बोलतात. तिला ट्रेकिऑस्टॉमी म्हणतात. नातेवाइकांना हा निर्णय फार जड जातो. जुन्या नोंदींच्या काही अभ्यासांत असे दिसले, की ही नळी बसवलेल्या रुग्णांत मृत्यू कमी झाले.

ती कोणाला बसवली गेली? जो आठ-दहा दिवस तग धरून राहिला त्याला. जो तिसऱ्याच दिवशी गेला, त्याचे नाव आपोआप 'नळी न बसवलेल्यां'च्या रकान्यात पडले. नळीने माणूस जगला, की माणूस जगला म्हणून नळीपर्यंत पोहोचला? शंभरी गाठलेल्यांनाच बोलावून 'शंभराव्या वाढदिवसाच्या पेढ्याने आयुष्य वाढते' असे म्हणण्यासारखेच हे आहे.

ब्रिटनमध्ये ९०९ रुग्णांवर झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत नळी पहिल्या चार दिवसांत बसवावी, की दहा दिवस वाट पाहून गरज उरल्यास बसवावी, हे चिठ्ठीने ठरवले. तीस दिवसांतील मृत्यू एका गटात ३०.८ टक्के आणि दुसऱ्यात ३१.५ टक्के, म्हणजे जवळपास सारखेच. शिवाय वाट पाहिलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक रुग्णांना ती नळी बसवलीच गेली नाही. काही तोवर सुधारले, काही दगावले. 'दोन दिवस आणखी पाहू' असे डॉक्टर म्हणाले, तर ते हयगय करीत आहेत असे समजण्याचे कारण नाही.

मग हे अभ्यास निरुपयोगी का?

मुळीच नाही. १९८३ साली ग्लासगो येथील डॉ. लेडिंगहॅम आणि डॉ. वॉट यांनी आपल्याच अतिदक्षता विभागाच्या जुन्या नोंदी चाळल्या. अपघातात गंभीर जखमी झालेल्या रुग्णांत मृत्यू वाढले होते. एटोमिडेट नावाचे गुंगीचे औषध सलाइनमधून सतत दिल्याच्या काळाशी ही वाढ जुळत होती. त्यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकास पत्र लिहून ही शंका मांडली. नंतरच्या संशोधनात त्या औषधाने ॲड्रिनल ग्रंथींचे काम मंदावते आणि संकटकाळी शरीराला लागणारे कॉर्टिसोल हे संप्रेरक कमी पडते, हे स्पष्ट झाले. अशा प्रकारे ते सतत देण्याची पद्धत मागे पडली. आज ते भूल देण्याच्या आरंभी एकदाच देण्यापुरते वापरात आहे.

कोणास अपाय व्हावा म्हणून चिठ्ठी टाकता येत नाही; लाखातून एखाद्यास होणारा दुष्परिणाम हजार जणांच्या चाचणीत दिसत नाही. तेथे जुन्या नोंदीच कामी येतात. पूर्वलक्षी अभ्यास हा अशा वेळी दारावरच्या घंटेसारखा असतो. घंटा वाजली म्हणजे कोणीतरी आले असावे. कोण आले, हे दार उघडल्यावरच कळते.

बातमी वाचताना, निर्णय घेताना

पुढच्या वेळी अशी बातमी हाती आली, की तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, कोणाला कोणता उपचार हे चिठ्ठीने ठरले, की डॉक्टरांनी रुग्ण पाहून? दुसरी, दोन्ही गट एकाच काळातले आणि सुरुवातीला एकाच अवस्थेतले होते का? तिसरी, टक्के कशाचे आहेत? न्यूयॉर्कच्या पहिल्या अभ्यासात रुग्णालयातील एकूण मृत्यू २.४ टक्के, म्हणजे हजारात चोवीस होते. तेथे '२९ टक्के कमी' याचा अर्थ हजारामागे साधारण सात मृत्यू कमी, असा होतो. दोन्ही वाक्ये खरीच. पण पहिले ऐकून छातीत धस्स होते आणि दुसरे ऐकून विचार करता येतो.

भूलतज्ज्ञांना भेटताना बातमीचे कात्रण पुढे करण्याऐवजी सरळ विचारावे, "डॉक्टर, आमच्या आईसाठी आपण ही पद्धत का निवडली? तिच्या प्रकृतीत असे काय आहे, ज्यामुळे दुसरी योग्य वाटली नाही?" हा प्रश्न कोणत्याही चांगल्या डॉक्टरला रुचेल, कारण तो त्यांच्या विवेकाचा मान राखून त्याचे कारण विचारतो.

आणि जाताना काही गोष्टी कागदावर लिहून न्याव्यात. चालू असलेल्या सर्व औषधांची नावे आणि मात्रा, रक्त पातळ करणारी गोळी शेवटची कधी घेतली ती वेळ (ती आपल्या मनाने बंद करू नये), पूर्वी भुलीचा त्रास झाला होता का, घरातील आणखी कोणाला झाला होता का, किती पायऱ्या चढल्यावर दम लागतो, कवळी आहे का, याआधी आजारपणात कधी बरळणे झाले होते का. शस्त्रक्रियेनंतर चष्मा आणि कानाचे यंत्र लवकर हाती द्यावे, ओळखीचा आवाज जवळ असावा, डॉक्टर सांगतील तेव्हा उठवून बसवण्यास मदत करावी. वृद्धांचे भान टिकवण्यास या साध्या गोष्टींचे साहाय्य होते.

हजारो रुग्णांच्या नोंदी चाळूनही संशोधकांना जी माहिती मिळत नाही, ती आपल्या घरात असते. आई गेल्या महिन्यापर्यंत भाजी आणायला जात होती की खुर्चीतून उठायलाही हात मागत होती, हे आपल्याला ठाऊक असते. ते शस्त्रक्रियेआधी भूलतज्ज्ञांच्या कानी घालावे.